ला कोस्टा रिसॉर्टमधील गोल्फ मैदाने

ओम्नी ला कोस्टा रिसॉर्ट अँड स्पा हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सान डिएगो काउंटीतील कार्ल्सबॅड शहरात असलेले पर्यटननिवास संकुल आहे. इ.स. १९६५ मध्ये सुरू झालेल्या या संकुलात प्रत्येकी अठरा होलची दोन गोल्फ मैदाने असून ती उत्तर मैदान (नॉर्थ कोर्स) आणि दक्षिण मैदान (साउथ कोर्स) या नावांनी ओळखली जातात. व्यावसायिक गोल्फच्या इतिहासात ला कोस्टाचे नाव सुमारे चार दशके वारंवार येत राहिले. २०२४ पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांच्या सर्वोच्च गोल्फ स्पर्धेचे, म्हणजे एनसीएए प्रथम श्रेणी (डिव्हिजन वन) अजिंक्यपद स्पर्धेचे, ठिकाण म्हणून ते विद्यार्थी खेळाडूंना परिचित झाले आहे. ही स्पर्धा उत्तर मैदानावर खेळली जाते.

स्थान आणि भूमी

कार्ल्सबॅड हे प्रशांत महासागराच्या काठावरील शहर सान डिएगोच्या उत्तरेस साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. कॅलवे आणि टेलरमेड या गोल्फ साहित्य बनविणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालये याच शहरात आहेत. रिसॉर्ट किनाऱ्यापासून थोडे आत, टेकड्यांनी वेढलेल्या एका सखल खोऱ्यात वसले आहे. या खोऱ्यातून सॅन मार्कोस ओढा वाहतो आणि पुढे पश्चिमेस बॅटिक्विटोस या खाजणात मिळतो.

मैदानांचा स्वभाव या भूगोलाने ठरविला आहे. खोऱ्याचे तोंड समुद्राकडे असल्यामुळे दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागतो. मूळ मैदानाचे शेवटचे चार होल पश्चिमेकडे, म्हणजे या वाऱ्याच्या तोंडावर खेळावे लागत. त्यामुळे त्या टप्प्याला ‘गोल्फमधील सर्वांत लांब मैल’ असे नाव पडले होते. दुसरी गोष्ट पाण्याची. दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि सखल जमिनीवर तो साचून राहतो. जानेवारी-फेब्रुवारीत भरणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांना याचा त्रास अनेकदा झाला. महाविद्यालयीन स्पर्धा मे महिन्याच्या उत्तरार्धात होते. तेव्हा पावसाची भीती जवळजवळ नसते. मात्र समुद्रावरून येणारे दाट ढग सकाळभर खोऱ्यावर पसरलेले असतात. स्थानिक लोक त्यांना ‘मे ग्रे’ आणि पुढच्या महिन्यात ‘जून ग्लूम’ म्हणतात. अशा दमट, गार हवेत चेंडू एरवीपेक्षा कमी अंतर कापतो. म्हणून सकाळी खेळणारा संघ आणि दुपारी खेळणारा संघ एकाच मैदानावर असले, तरी दोघांपुढचा प्रश्न सारखा नसतो.

स्थापना

ला कोस्टाची उभारणी लास वेगासमधील बांधकाम व्यावसायिक मर्व्ह अ‍ॅडेल्सन व अर्विन मोलास्की, तसेच त्याच शहरातील डेझर्ट इन या हॉटेलशी संबंधित मो डॅलिट्झ व अ‍ॅलार्ड रोएन यांनी केली. डेझर्ट इनशी असलेला हा संबंध ला कोस्टाच्या गोल्फ इतिहासात पुढे महत्त्वाचा ठरला. मैदानाचे आराखडे डिक विल्सन आणि त्यांचे सहकारी जो ली यांचे होते. फ्लोरिडातील डोराल आणि शिकागोजवळील कॉग हिल येथील प्रसिद्ध मैदाने विल्सन यांचीच. उंचवट्यावर बसविलेली ग्रीन आणि त्यांच्याभोवती मोठमोठे वाळूचे खड्डे ही त्यांच्या रचनेची खूण होती. अशा ग्रीनवर चेंडू जमिनीवरून घरंगळत नेता येत नाही, तो उंच मारून अलगद उतरवावा लागतो. ला कोस्टा सुरू झाले त्याच वर्षी विल्सन यांचे निधन झाले. आरंभी येथे अठरा होल होते. पुढे नऊ-नऊ होलची भर पडून ही संख्या छत्तीस झाली.

संकुलाची मालकी पुढे अनेकदा बदलली. २०१३ पासून ते ओम्नी हॉटेल्स या कंपनीकडे आहे. टेनिस आणि आरोग्योपचार केंद्र यांसाठीही ला कोस्टा प्रसिद्ध असून महिलांच्या व्यावसायिक टेनिस स्पर्धा येथे भरत असत.

व्यावसायिक स्पर्धांचा काळ

‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ ही स्पर्धा १९५३ मध्ये डेझर्ट इनच्या मैदानावर सुरू झाली. आदल्या वर्षभरात व्यावसायिक मालिकेतील एखादी तरी स्पर्धा जिंकलेल्यांनाच तिच्यात प्रवेश असे. १९६९ मध्ये ती ला कोस्टात आली आणि १९९८ पर्यंत, म्हणजे सलग तीस वर्षे येथेच राहिली. येथील पहिल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचे गॅरी प्लेअर विजयी झाले. जॅक निकलस यांनी ला कोस्टात ती तीनदा (१९७१, १९७३, १९७७) जिंकली. टॉम वॉटसन यांनीही तीनदा (१९७९, १९८०, १९८४). स्पर्धेसाठी दोन्ही मैदानांतील निवडक होल एकत्र करून एक संमिश्र मैदान योजले जाई. त्यामुळे त्या काळातील विक्रमांची आजच्या उत्तर मैदानावरील धावसंख्येशी तुलना करणे योग्य ठरत नाही.

१९९७ ची स्पर्धा पावसामुळे चौपन्न होलवर आटोपती घ्यावी लागली. बरोबरीत असलेल्या टॉम लेहमन आणि टायगर वूड्स यांच्यातील निर्णय जादा होलवर झाला आणि एकवीस वर्षांचे वूड्स विजयी झाले. दोन वर्षांनी ही स्पर्धा हवाई बेटांतील कापालुआ येथे गेली.

रिकामी झालेली जागा लगेच दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेने भरून काढली. गोल्फचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘स्ट्रोक प्ले’मध्ये प्रत्येक खेळाडूचे सर्व फटके मोजतात आणि ज्याचे कमी तो जिंकतो. ‘मॅच प्ले’मध्ये दोन खेळाडू समोरासमोर उभे ठाकतात, प्रत्येक होल म्हणजे एक स्वतंत्र डाव असतो, आणि एखाद्या होलवर एका फटक्याने हरले काय नि पाच फटक्यांनी हरले काय, नुकसान एकाच होलचे होते. जागतिक मॅच प्ले अजिंक्यपद स्पर्धा १९९९, २००० आणि २००२ ते २००६ अशी सात वेळा ला कोस्टात झाली. २००२ मध्ये मानांकनात बासष्टावे असलेले केव्हिन सदरलँड जिंकले, यावरून या प्रकारातील अनिश्चिततेची कल्पना यावी. वूड्स यांनी २००३ आणि २००४ अशी लागोपाठ दोनदा बाजी मारली. २००६ च्या पहिल्या फेरीत त्यांनी स्टीव्हन एम्स यांना ९ आणि ८ अशा फरकाने हरविले. याचा अर्थ नऊ होलची आघाडी मिळाली तेव्हा आठच होल शिल्लक होते, आणि अठरांपैकी दहाव्या होलवर सामना संपला होता. अठरा होलच्या सामन्यात याहून मोठा विजय फक्त १० आणि ८ असाच शक्य असतो. दरम्यान २००५ मध्ये पावसाने पहिला दिवस वाया गेला होता. २००७ पासून ही स्पर्धा अ‍ॅरिझोनात हलविण्यात आली. त्यानंतर महिलांच्या व्यावसायिक मालिकेतील किया क्लासिक ही स्पर्धा २०१० आणि २०१२ मध्ये येथे झाली. पण पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांचा ओघ आटला तो आटलाच.

उत्तर मैदानाची पुनर्रचना

रिसॉर्टच्या मैदानापुढे एक मूलभूत अडचण असते. तेथे रोज येणारा पाहुणा सुट्टीवर आलेला असतो. हौसेने खेळणाऱ्या अशा माणसाचे चेंडू फार हरवू नयेत, त्याचा दिवस आनंदात जावा, हे मालकाच्या हिताचे असते. स्पर्धेच्या मैदानाचे काम उलट आहे. चांगला फटका आणि त्याहून थोडा कमी चांगला फटका यांतील फरक त्याने दाखवून द्यायचा असतो. २०११ च्या सुमारास झालेल्या नूतनीकरणानंतर उत्तर मैदान ‘चॅम्पियन्स’ आणि दक्षिण मैदान ‘लेजंड्स’ या नावांनी ओळखले जाऊ लागले. त्या कामात स्टीव्ह पेट यांचा सहभाग होता. १९८८ ची टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स त्यांनी याच भूमीवर जिंकली होती.

महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा येथे आणण्याचे ठरल्यावर मात्र डागडुजीवर भागण्यासारखे नव्हते. हे काम गिल हॅन्स आणि त्यांचे सहकारी जिम वॅग्नर यांच्याकडे सोपविण्यात आले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचे गोल्फ मैदान हॅन्स यांनीच तयार केले होते, तसेच लॉस एंजेलिस कंट्री क्लबच्या जुन्या उत्तर मैदानाचा जीर्णोद्धारही त्यांनी केला होता. ला कोस्टात त्यांनी विल्सन यांची रचना जपण्यापेक्षा कॅलिफोर्नियातील त्याहून जुन्या, १९२० च्या दशकातील मैदानांचा वळसा स्वीकारला. गुळगुळीत, गोलाकार वाळूच्या खड्ड्यांऐवजी खडबडीत, झिजल्यासारख्या कडांचे खड्डे आले. ‘बरँका’ म्हणजे पावसाळी पाण्याने कोरलेले कोरडे ओहोळ; स्पॅनिशमधून आलेला हा शब्द कॅलिफोर्नियात रूढ आहे. असे ओहोळ मैदानात उघडे ठेवून ते खेळाचा भाग बनविण्यात आले. ग्रीनवर चढउतार वाढले. या मैदानाचा पार ७२ असून सर्वांत मागच्या टीवरून त्याची लांबी साडेसात हजार यार्डांच्या जवळपास, म्हणजे सुमारे ६,८०० मीटर भरते. अठरावा होल पाच पारचा असून ग्रीनजवळ पाणी आहे. दुसऱ्याच फटक्यात ग्रीन गाठण्याचा मोह तेथे होतो, आणि अटीतटीच्या सामन्यात हा मोह आवरावा की नाही हे खेळाडूला तेथेच ठरवावे लागते.

२०२४ च्या स्पर्धेच्या वेळी पुनर्रचना होऊन फार काळ लोटला नव्हता. नव्या ग्रीनखाली जुन्या मुळांचा आणि कुजलेल्या गवताचा मऊ थर नसतो. त्यामुळे उंचावरून आलेला चेंडू थांबण्याऐवजी उसळतो. हा थर काही वर्षांत आपोआप तयार होतो आणि मैदान निवळते. रिसॉर्टच्या पाहुण्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. पण चेंडू अमुक हातावर थांबेल असा हिशेब करून मारणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा फरक असतो.

महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा

अमेरिकेत आंतरमहाविद्यालयीन गोल्फ स्पर्धा १८९७ पासून भरते. १९३९ पासून ती एनसीएए या संस्थेच्या छत्राखाली होऊ लागली. महिलांसाठी या संस्थेची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. बरीच वर्षे दोन्ही स्पर्धा वेगवेगळ्या ठिकाणी होत. २०१५ पासून एकाच मैदानावर आधी महिलांची आणि लगेच पुरुषांची स्पर्धा घेण्याची पद्धत पडली. २०२१ ते २०२३ ही तीन वर्षे ती अ‍ॅरिझोनातील ग्रेहॉक मैदानावर झाली. त्यानंतर २०२४ ते २०२६ या तीन वर्षांसाठी ला कोस्टाची निवड झाली. पश्चिम किनाऱ्यावरील दुपार म्हणजे पूर्व किनाऱ्यावरील संध्याकाळ. त्यामुळे अंतिम सामने दूरचित्रवाणीच्या मुख्य वेळेत दाखविता येतात, हाही या निवडीमागील एक व्यावहारिक विचार आहे.

एनसीएएच्या व्यवस्थेत स्पर्धेचे यजमानपद एखाद्या विद्यापीठाकडे असते. ला कोस्टातील स्पर्धेचे यजमान ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ आहे. कार्ल्सबॅडहून ऑस्टिन हजार मैलांहून अधिक दूर असल्याने हे यजमानपद प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचे कारण मालकीत सापडते. ओम्नी हॉटेल्सची मालकी असलेल्या टीआरटी होल्डिंग्ज या कंपनीचे प्रमुख रॉबर्ट रोलिंग हे याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असून तेथील व्यवस्थापनशास्त्राच्या एका इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. यजमान असल्यामुळे टेक्सासच्या संघाला थेट प्रवेश मिळतो असे मात्र नाही. इतरांप्रमाणेच त्यालाही विभागीय फेरीतून पात्र व्हावे लागते.

विभागीय फेऱ्या सहा असतात. प्रत्येकीतून पाच संघ आणि पात्र न ठरलेल्या संघांतील एक खेळाडू वैयक्तिक नात्याने पुढे येतो. अशा प्रकारे तीस संघ, त्यांचे प्रत्येकी पाच खेळाडू आणि सहा वैयक्तिक खेळाडू मिळून १५६ जण ला कोस्टात उतरतात. पहिला टप्पा स्ट्रोक प्लेचा. रोज अठरा होल खेळले जातात आणि संघातील पाचांपैकी चार उत्तम खेळाडूंचे फटके धरले जातात. एखाद्याचा दिवस वाईट गेला तर संघ त्याला सांभाळून घेऊ शकतो. दोघांचा गेला तर नाही. तीन दिवसांनंतर पंधरा संघ उरतात. चौथ्या दिवसाअखेर बहात्तर होलच्या बेरजेवर वैयक्तिक विजेता ठरतो आणि पहिले आठ संघ मॅच प्लेमध्ये जातात. तेथे एका संघाचे पाच खेळाडू दुसऱ्या संघाच्या पाच खेळाडूंशी एकास एक खेळतात. तीन सामने जिंकणारा संघ पुढे जातो. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरी एकाच दिवशी असल्याने विजयी संघातील खेळाडूंना त्या दिवशी छत्तीस होलपर्यंत चालावे लागते.

चालावे लागते हे शब्दशः खरे आहे. पाहुणे विजेवर चालणाऱ्या गाड्यांतून फिरतात; विद्यार्थी आपली पिशवी खांद्यावर टाकून किंवा ढकलगाडीवर ठेवून पायी खेळतात. त्यांच्याबरोबर व्यावसायिक खेळाडूंसारखे कॅडी नसतात. सल्ला द्यायला प्रशिक्षक असतो, पण पाच खेळाडू पाच वेगवेगळ्या होलवर असताना तो सर्वांजवळ असू शकत नाही. कोणत्या क्षणी कोणाजवळ उभे राहायचे हा प्रशिक्षकाच्या कौशल्याचा भाग समजला जातो.

मैदानाची देखभाल करणाऱ्यांचीही यात परीक्षा असते. २०२४ मध्ये महिलांची स्पर्धा १७ ते २२ मे आणि पुरुषांची २४ ते २९ मे अशी झाली. तेरा दिवसांत बारा दिवस त्याच अठरा ग्रीनवर सामने झाले आणि मध्ये एकच दिवस मोकळा होता. महिलांसाठी टी पुढे असतात. ग्रीन मात्र तेच असतात. त्यांवरील झेंड्याची जागा रोज बदलावी लागते, आणि नंतर येणाऱ्यांसाठी न तुडवलेला भाग राखूनही ठेवावा लागतो.

मॅच प्लेचा टप्पा पुरुषांसाठी २००९ पासून आणि महिलांसाठी २०१५ पासून आहे. तो असावा की नाही, याविषयी गोल्फ जाणकारांत एकमत नाही. चार दिवसांच्या बेरजेत सर्वांत सरस ठरलेला संघ एका सकाळच्या खेळाने बाहेर जाऊ शकतो, हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. उलट बाजूने असे म्हणतात की, बेरीज-वजाबाकीत संघभावना दिसत नाही. शेवटच्या सामन्याभोवती बाकीचे चार खेळाडू गोळा होऊन उभे असतात तेव्हा ती दिसते. ला कोस्टात दोन्ही बाजूंना पुरावा मिळाला आहे.

आतापर्यंतचे निकाल

२०२४ मध्ये महिलांचे सांघिक विजेतेपद स्टॅनफर्डने लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूसीएलए) ३-२ असे हरवून मिळविले. वैयक्तिक विजेती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची फ्रेंच खेळाडू अडेला सेर्नूसेक ठरली. पुरुषांत ऑबर्नने फ्लोरिडा स्टेटला ३-२ असे नमवून आपले पहिले अजिंक्यपद जिंकले. पुरुषांच्या वैयक्तिक स्पर्धेत जॉर्जिया टेकचा सिंगापूरचा खेळाडू हिरोशी ताय २८५ फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा केवळ तीन फटके कमी घेऊन पहिला आला. चार दिवसांत पारखाली तीन ही विजेत्याची धावसंख्या असावी, यावरून नव्या मैदानाची कठोरता ध्यानात येते. वैयक्तिक विजेत्याला हौशी खेळाडू म्हणून राहिल्यास पुढील वर्षीच्या मास्टर्स स्पर्धेचे निमंत्रण मिळते. त्यानुसार ताय २०२५ च्या मास्टर्समध्ये खेळला.

२०२५ मध्ये महिलांच्या स्ट्रोक प्लेमध्ये स्टॅनफर्डने मोठ्या फरकाने पहिला क्रमांक पटकावला. अंतिम सामन्यात मात्र नॉर्थवेस्टर्नने त्यांना ३-२ असे हरविले आणि आपल्या विद्यापीठाला महिला गोल्फचे पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. जुनी पद्धत असती तर विजेते बदलले असते. वैयक्तिक विजेतेपद आर्कान्सॉ विद्यापीठाच्या कोलंबियन खेळाडू मारिया होसे मारिन हिने मिळविले. पुरुषांत ओक्लाहोमा स्टेटने व्हर्जिनियावर ४-१ अशी मात करून बाराव्यांदा अजिंक्यपद जिंकले. वैयक्तिक विजेता मिसिसिपी विद्यापीठाचा मायकेल ला सासो होता.

महाविद्यालयीन विजेत्यांचा ला कोस्टाशी असलेला संबंध तसा जुनाच आहे, फक्त क्रम उलटा होता. निकलस १९६१ मध्ये ओहायो स्टेटकडून वैयक्तिक महाविद्यालयीन विजेते झाले आणि दहा वर्षांनी ला कोस्टात जिंकले. टेक्सास विद्यापीठाचे टॉम काइट यांनी १९७२ चे महाविद्यालयीन विजेतेपद आपलेच सहाध्यायी बेन क्रेन्शॉ यांच्यासह वाटून घेतले होते; ते ला कोस्टात १९८५ आणि १९९१ मध्ये विजयी झाले. अ‍ॅरिझोना स्टेटकडून तीनदा वैयक्तिक विजेतेपद मिळविणारे फिल मिकेलसन १९९४ आणि १९९८ मध्ये येथे जिंकले. वूड्स तर १९९६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर स्टॅनफर्डचे विजेते होते आणि पुढच्याच जानेवारीत ला कोस्टाचे. त्या पिढ्यांसाठी ला कोस्टा हे शिक्षण संपल्यानंतर गाठायचे ठिकाण होते. आताचे विद्यार्थी तेथे विद्यापीठाचा गणवेश अंगात असतानाच पोहोचतात.

दक्षिण मैदान

दक्षिण मैदानाचे नूतनीकरण ओम्नीकडे मालकी येण्याच्या सुमारास जेफ ब्राउअर यांनी पेट यांच्या मदतीने केले. हे मैदान हॅन्स यांच्या कामात बदललेले नाही. महाविद्यालयीन अजिंक्यपदाचे सामने येथे होत नाहीत. रिसॉर्टचे पाहुणे आणि क्लबचे सभासद या मैदानाचा नियमित वापर करतात, आणि मे महिन्यात उत्तर मैदान विद्यार्थ्यांच्या ताब्यात असते तेव्हा त्यांच्यासाठी संकुलात हेच मैदान उरते.